हातात मावणारा थर्मल कॅमेरा : तो काय बघतो आणि कुठे फसवतो

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. प्रात्यक्षिकांच्या जागा कंसात दाखवल्या आहेत.)



पत्रिकेत 'घरच्या घरी थर्मल कॅमेरा' असं छापलंय. ते खरं आहे, पण मी हा कॅमेरा हौस म्हणून करायला घेतला नव्हता. आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये एका रात्री जळका वास आला. खाली जाऊन बघतो तर एका मीटरच्या खालच्या जोडाची वायर काळी पडलेली आणि प्लास्टिक वितळून ओघळलेलं. आग लागली नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी आमचे वायरमन आले. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, तीस वर्षं याच कामात आहेत. त्यांनी जोड बदलला आणि मग बाकीच्या प्रत्येक एमसीबीच्या पुढच्या बाजूला हाताची मागची बाजू टेकवत टेकवत गेले. मी विचारलं, "मामा, हे काय करताय?" म्हणाले, "सर, गरम कुठलं लागतंय ते बघतोय. दुसरं काय करणार?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

आता बघा, एमसीबी का पडला नाही? घरातला गिझर धरा, ३ किलोवॉटचा. २३० व्होल्टला तो साधारण १३ अँपिअर घेतो. कुठेतरी स्क्रू सैल झाला आणि त्या जोडाचा रोध ०.१ ओहम झाला. शाळेतलं सूत्र आठवा, विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध. १३ चा वर्ग १६९, त्याला ०.१ ने गुणलं की जवळजवळ १७ वॉट. एका छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, तीही स्क्रूच्या टोकाएवढ्या जागेत. व्होल्टेज मात्र जेमतेम १.३ व्होल्टनं उतरतं. गिझर नेहमीसारखा चालतो, पाणी तापतं, कुणाला काही कळत नाही. आणि विद्युतधारा वाढलेलीच नाही, उलट किंचित कमी झाली आहे, मग एमसीबी कशाला पडेल? तो जास्त धारेवर पडतो, सैल स्क्रूवर नाही. तापल्यामुळे जोड आणखी खराब होतो, रोध वाढतो, आणखी तापतो. हे महिनोन् महिने चालतं. या सगळ्या काळात त्या जोडाची एकच खूण बाहेर दिसण्यासारखी असते, ती म्हणजे उष्णता. फक्त आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही.

ती दिसत का नाही, हे थोडक्यात सांगतो. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार किरण टाकत असते. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० केल्विनच्या आसपास, त्याच्या किरणांचा जोर ०.५ मायक्रॉन तरंगलांबीला असतो आणि आपले डोळे नेमके तिथेच पाहतात. तुमची-माझी त्वचा ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०६ केल्विन. तिचा जोर जातो साडेनऊ मायक्रॉनला. म्हणजे या अंधारलेल्या सभागृहात तुम्ही सगळे आत्ता चकाकताय, फक्त ज्या रंगात चकाकताय तो बघायला आपल्याकडे डोळा नाही. या अवरक्त किरणांचा पहिला पत्ता विल्यम हर्शेलला १८०० साली लागला. हा मूळचा संगीतकार, नंतर खगोलशास्त्रज्ञ, युरेनस ग्रह शोधणारा. त्यानं लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले, प्रत्येक रंगात तापमापी ठेवली, आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथली तापमापी सर्वांत जास्त चढली.

आपल्याला अशा तापमाप्या ७६८ लागणार आहेत. त्या या बटणाएवढ्या डबीत आहेत.

(सेन्सर दाखवतात.)

याचं नाव एमएलएक्स ९०६४०, मेलेक्सिस या बेल्जियमच्या कंपनीचा. आत ३२ गुणिले २४ असे पिक्सेल. मोबाइलच्या कॅमेऱ्यात कोट्यवधी पिक्सेल असतात, त्यामुळे ७६८ ऐकून हसू येईल. पण यातला प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक थर्मोपाइल आहे. दोन वेगळ्या पदार्थांचे जोड केले आणि एक जोड गरम, दुसरा थंड ठेवला, तर थोडं व्होल्टेज तयार होतं, हे सीबेकनं १८२१ साली दाखवलं. असे बरेच जोड एकापुढे एक लावले की झालं थर्मोपाइल. या चिपमध्ये प्रत्येक पिक्सेलचे गरम जोड एका अतिपातळ पडद्यावर आहेत आणि थंड जोड चिपच्या अंगावर. बाहेरून किरण आले की पडदा तापतो, मिळतो तो पडद्याचा आणि चिपच्या अंगाचा *फरक*. या शब्दाकडे लक्ष ठेवा, आपल्या बऱ्याच कटकटींचं मूळ त्यात आहे. समोरच्या वस्तूचं तापमान काढायचं तर आधी चिपचं स्वतःचं तापमान माहीत हवं. ते ही चिप स्वतः मोजते. पण चिपची एक बाजू तुमच्या अंगठ्यानं तापली आणि दुसरी थंड राहिली, तर हिशेब बिघडणारच.

विकत घेताना एक गोष्ट बघा. याचे दोन प्रकार येतात, बीएए आणि बीएबी. बीएए ११० अंश रुंद बघतो, बीएबी ५५ अंश. दुकानदार दोन्हींना एकाच नावानं विकतात. आपल्या कामाला ५५ वाला. का, ते पुढे येईलच.

आता मायक्रोकंट्रोलर. पोरं लगेच विचारतात, घरात अर्डुइनो उनो पडलाय, चालेल का? नाही चालणार. सेन्सर एका वेळी ८३२ शब्दांचा मजकूर देतो, प्रत्येक शब्द दोन बाइटचा, म्हणजे १६६४ बाइट. उनोची सगळी रॅम २०४८ बाइट. पाहुणा दारातच मावत नाही, त्याला जेवायला कुठे बसवणार? शिवाय कारखान्यात प्रत्येक सेन्सर तपासून त्याचे स्थिरांक त्याच्याच पोटात साठवलेले असतात, ते काढून ठेवायला जागा हवी, आणि ७६८ तापमानांना आणखी ३०७२ बाइट. म्हणून मी ईएसपी ३२ घेतला. ५२० किलोबाइट रॅम, २४० मेगाहर्ट्झ, आणि दशांशांचा हिशेब करणारा वेगळा भाग आत आहे. तो भाग महत्त्वाचा, कारण प्रत्येक पिक्सेलचं तापमान काढताना शेवटी चौथं मूळ काढावं लागतं. किरणांची शक्ती केल्विन तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते, मग उलटं यायचं तर वर्गमूळाचं वर्गमूळ. ७६८ वेळा, सेकंदाला अनेकदा. हे गणित तुम्हाला लिहावं लागत नाही. मेलेक्सिसनंच त्याचं सी भाषेतलं लायब्ररी मोफत दिलंय, ते वापरा. स्वतः लिहायचा अट्टहास मी केला होता, तीन रविवार गेले.

जोडणी सोपी. सेन्सरला चार वायरी : ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए, एससीएल. शेवटच्या दोन ईएसपीच्या २१ आणि २२ नंबरच्या पायांना. वायरी बोटभरच ठेवा. आय-टू-सीचा वेग सुरुवातीला १०० किलोहर्ट्झ असतो. त्या वेगानं १६६४ बाइट यायला दीडशे मिलिसेकंद जातात. ४०० वर नेलं की ३७, आणि १ मेगाहर्ट्झला १५. लांब वायरीवर मेगाहर्ट्झ टिकत नाही, अधूनमधून चित्रात कचरा येतो आणि आपण बसतो प्रोग्रॅममध्ये चूक शोधत. डिस्प्ले मी २.४ इंची घेतला, ३२० गुणिले २४०. त्यावर प्रत्येक पिक्सेल १० पट केला तर चित्र काठोकाठ बसतं, पण मग आकडे कुठे लिहायचे? म्हणून ८ पट : २५६ गुणिले १९२, उरलेल्या पट्टीत रंगांची मोजपट्टी आणि तापमान. डबा जुन्या मल्टिमीटरचा.

बॅटरीबद्दल मात्र थांबतो, कारण तिथे बहुतेक जण अडकतात. एक लिथियम सेल, ३.७ व्होल्टचा. ईएसपीच्या स्वस्त बोर्डांवर जो ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर असतो, त्याला स्वतःसाठीच एक-सव्वा व्होल्ट लागतो. मग ३.७ मधून ३.३ कसे निघणार? सेल भरलेला असताना कसंबसं चालतं, थोडा उतरला की तापमानाचे आकडे भरकटतात आणि दोष जातो सेन्सरकडे. सेल आधी ५ व्होल्टवर चढवा, मग खाली आणा, आणि सेन्सरला स्वतःचा वेगळा छोटा रेग्युलेटर द्या. तो रेग्युलेटर सेन्सरपासून लांब बसवा, ईएसपीही लांब, वायफाय बंद. आठवतोय ना तो 'फरक'? शेजारी काहीतरी तापत असेल तर चिपचं अंग एकसारखं राहत नाही. चालू केल्यावर काही मिनिटं तशीच जाऊ द्या, आकडे बसल्यावर मगच त्यांच्यावर विश्वास ठेवा.

आता पहिलं चित्र. खूप आनंद झाला होता मला. समोर हात धरला, लाल-पिवळा पंजा दिसला. हात हलवला तर पंजाच्या कडांवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. हा बिघाड नाही. सेन्सर एका फेरीत अर्धेच पिक्सेल मोजतो, पटावरची पांढरी घरं, पुढच्या फेरीत काळी. दोन फेऱ्या मिळून एक पूर्ण चित्र. म्हणून ८ हर्ट्झ लावलं तर पूर्ण चित्रं सेकंदाला ४ मिळतात. वेग वाढवता येतो, ६४ हर्ट्झपर्यंत, पण फुकट नाही. वेग चौपट केला की आकड्यांची थरथर साधारण दुप्पट होते. मीटर रूम कुठे पळून जात नाही, ४ हर्ट्झ पुष्कळ झालं.

दुसरी गंमत. कॅमेरा समोरच्या कोऱ्या भिंतीकडे वळवला आणि पडद्यावर रंगपंचमी! जांभळं, लाल, पिवळं. घाबरून भिंतीवरून हात फिरवला, काहीच नाही. काय झालं होतं, तर माझा प्रोग्रॅम चित्रातलं सर्वांत कमी तापमान काळं आणि सर्वांत जास्त पांढरं करायचा. भिंतीवर जास्तीत जास्त अर्ध्या-एक अंशाचा फरक, बराचसा सेन्सरचा स्वतःचाच नॉइज, आणि त्या एका अंशावर अख्खं इंद्रधनुष्य ताणलेलं. याची जाणीव नसलेल्या माणसाच्या हातात असा कॅमेरा दिला तर तो भिंतीत आग लागली म्हणून सांगेल. आता माझ्या प्रोग्रॅममध्ये पट्टी १० अंशांपेक्षा लहान होतच नाही. भिंत एकाच रंगाची, कंटाळवाणी दिसते. तशीच दिसायला हवी.

कडा मऊ करण्याबद्दलही एक सांगतो. ३२ गुणिले २४ ठोकळे बघायला बरे दिसत नाहीत, म्हणून शेजारच्या पिक्सेलांमधली सरासरी काढून मधली जागा भरतात. सुंदर दिसतं. पण त्यातून नवीन माहिती येत नाही हो. साध्या रेषीय पद्धतीत निदान आकडे मूळच्या मर्यादेत राहतात. जास्त गुळगुळीत पद्धती वापरल्या तर प्रत्यक्षात कुठेच नसलेलं जास्त तापमानही तयार होऊ शकतं. म्हणून पडद्यावर जो कमाल आकडा लिहायचा, तो मूळ ७६८ मधूनच घ्यायचा. त्यातलेही दोन-चार पिक्सेल खराब असू शकतात, कंपनी स्वतःच चारपर्यंत सूट ठेवते. त्यांच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी भरा, नाहीतर कोपऱ्यातला एक ठिपका जन्मभर गरम दिसत राहील.

डब्याच्या बाबतीत माझी फजिती झाली ती सांगायलाच हवी. सेन्सरवर धूळ बसू नये म्हणून मी पुढे पारदर्शक अॅक्रिलिकची खिडकी लावली, छान कापून, घासून. चालू केलं तर सगळीकडे एकच रंग. हात धरला, रंग तोच. अॅक्रिलिक आपल्याला पारदर्शक, या किरणांना ती भिंत. काचेचंही तसंच. आणि उलट बघा.

(डोक्यावरून काळी पातळ प्लास्टिक पिशवी समोर धरतात, पडद्यावर चेहरा दिसतो. मग काच धरतात. चेहरा नाहीसा होतो. हशा.)

कचऱ्याच्या पिशवीतून मी दिसतो, काचेतून नाही. मोठ्या थर्मल कॅमेऱ्यांना जर्मेनियमची भिंगं असतात ती म्हणूनच. जर्मेनियम आपल्याला आरशासारखं अपारदर्शक, त्यांना स्वच्छ काच. आपल्या सेन्सरचं भिंग त्याच्या डबीतच असतं, त्याच्या पुढे काही लावूच नका.

इथपर्यंत खेळ होता. आता ज्यासाठी मी ही गोष्ट चारचौघांत सांगायला आलो, त्या मुद्द्यावर येतो.

टेबलावर दोन भांडी ठेवली आहेत, मातीचा माठ आणि स्टीलचा हंडा. दोन्हींत एकाच नळाचं पाणी, सकाळपासून. माठ बघा, खोलीपेक्षा थंड, निळा. बाहेर झिरपलेलं पाणी वाळताना उष्णता नेतं. आणि हंडा? हंड्यावर हा लाल डाग कसला आहे? मी बाजूला होतो... डागही बाजूला झाला. तो मीच आहे. चकचकीत धातू हा या किरणांचा आरसा आहे. कॅमेरा हंड्याचं तापमान दाखवतच नाहीये, हंड्यात पडलेलं खोलीचं प्रतिबिंब दाखवतोय.

याला शब्द आहे उत्सर्जकता, एमिसिव्हिटी. आपल्या त्वचेची ०.९८, मग वर्ण कुठलाही असो. इलेक्ट्रिकची काळी टेप ०.९५ च्या आसपास. आणि चकचकीत तांबं किंवा अॅल्युमिनियम ०.१ पेक्षाही कमी. आता मीटर रूममध्ये चला. पॅनेलमध्ये काय असतं? तांब्या-अॅल्युमिनियमचे उघडे बसबार, पितळी लिंका, चकचकीत स्क्रू. समजा तांब्याची पट्टी ८० अंशांवर आहे, उत्सर्जकता ०.१, आणि खोली ३० अंशांवर. कॅमेऱ्याकडे येणाऱ्या किरणांत एक दशांश पट्टीचे, नऊ दशांश खोलीचे परावर्तित. चौथ्या घाताचा हिशेब केला तर कॅमेरा दाखवतो साधारण ३६. पट्टी हाताला चटका देईल अशी, आणि पडद्यावर निवांत निळसर. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण आदल्याच आठवड्यात मी मामांना मोठ्या आत्मविश्वासानं सांगून आलो होतो की सगळं ठीक आहे. कॅमेरा नसता तर त्यांनी निदान हाताचा अंदाज घेतला असता.

दुसरी फसवणूक अंतराची. ५५ अंशांचा सेन्सर १ मीटरवरून साधारण १ मीटर ४ सेंटीमीटर रुंदी बघतो, ३२ पिक्सेलांत. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला सव्वातीन सेंटीमीटर. त्यात १ सेंटीमीटरचा तापलेला स्क्रू असेल, ९० अंशांचा, तर त्याची भोवतालच्या गार भागाशी सरासरी होते आणि पडद्यावर येतात ३८-३९. ११० वाला सेन्सर घेतला असता तर एका पिक्सेलला जवळजवळ ९ सेंटीमीटर. म्हणून ५५. २० सेंटीमीटरवर गेलो तर पिक्सेल साडेसहा मिलिमीटरचा होतो, मग स्क्रू खरा दिसतो. पण चालू पॅनेलचं झाकण काढून वीतभर अंतरावर जाणं हे तुमचं-माझं काम नाही. हे मी गमतीनं सांगत नाही. ते काम परवाना असलेल्या माणसाचंच.

मग उपाय काय? मामा आणि मी मिळून दोन गोष्टी ठरवल्या. एक, सोसायटीचा मेन बंद असताना मामा प्रत्येक बसबारवर आणि लिंकवर काळ्या टेपचा, निदान एक-दीड सेंटीमीटरचा तुकडा चिकटवतात. टेप धातूचं तापमान घेते आणि ते नीट सांगते. कॅमेरा त्या तुकड्यांकडेच रोखायचा. दोन, एकट्या आकड्यावर भिस्त ठेवायची नाही, तुलना करायची. आर, वाय, बी, तिन्ही फेजांचे सारखे जोड शेजारी-शेजारी असतात. धातू तोच, टेप तीच, अंतर तेच. भार साधारण सारखा असताना दोन ४० आणि तिसरा ५५ दाखवत असेल, तर सेन्सर दोन अंश चुकला तरी काय फरक पडतो? आणि बघायचं कधी, तर सकाळी सात ते आठ, सगळ्यांचे गिझर चालू असताना. दुपारी बारा वाजता सगळेच जोड गार असतात, सैल असला तरी.

वेळ होत आली, प्रश्न घेतो.

(प्रश्न : यानं ताप मोजता येईल का?) नको. ताप आहे की नाही हे अर्ध्या अंशावर ठरतं आणि या सेन्सरची चूकच एक-दोन अंशांची असते. शिवाय कपाळाची त्वचा पंख्याखाली गार होते. तापाला तापमापीच.

(प्रश्न : भिंतीपलीकडचं दिसतं का?) सिनेमात दिसतं. इथे भिंतीचा पृष्ठभाग दिसतो, बस्स. भिंतीत ओल असेल तर तो भाग गार दिसतो, ते मात्र पावसाळ्यात उपयोगी आहे.

(प्रश्न : जास्त पिक्सेलचा सेन्सर?) आहे, फ्लिरचा लेप्टन, १६० गुणिले १२०. तो मायक्रोबोलोमीटर आहे, चित्र फार सुरेख देतो. वेग ९ हर्ट्झच्या आत ठेवलेला असतो, निर्यातीच्या नियमांमुळे. पैसे असतील तर जरूर घ्या. आमच्या कॅमेऱ्यात सेन्सर हाच महाग भाग आहे, बाकी सगळं मिळून त्याच्यापेक्षा कमीत येतं. आणि टेप लेप्टनलाही लागतेच, चकचकीत तांबं त्यालाही फसवतं.

(प्रश्न : मामा आता हात लावून बघत नाहीत ना?) बघतात की! परवा सकाळी कॅमेऱ्यात एका न्यूट्रल लिंकवरची टेप शेजारच्यांपेक्षा वीसेक अंशांनी जास्त दिसली. मामांनी मेन पाडला, टेस्टर लावून खात्री केली, आणि तरीही आधी बोट टेकवलं. मग स्क्रू फिरवला. दीड आटे सैल होता.